तेवीस किलो

माझगावच्या रद्दीवाल्याकडे आकड्याचा काटा आहे.
खोटा नाही, असं तो न विचारता सांगतो.
त्या आकड्याला मी माझी पुढची सहा वर्षं टांगली.
काटा पंचवीसच्या जवळ जाऊन थरथरत राहिला.
"कुठे चाललात, सिस्टर?"
"मलावीला."
"मालवणला? मग एवढं सामान?"
"नाही हो. बरंच पुढे."

दोन किलो काढायचे आहेत.
रक्तदाबाचं यंत्र निघणार नाही.
गोडा मसाला निघणार नाही, बाबांनी स्वतः भाजलाय,
आई गेल्यापासून पहिल्यांदा.
शेवटी जाड चपला काढल्या, आणि गीतांचं पुस्तक.
जी पाठ आहेत ती येतील सोबत,
उरलेली इथे राहू देत.

देवाने मला हाक मारली, असं मंडळीसमोर सांगताना
माझा आवाज घोकल्यासारखा येतो.
हाक वगैरे ऐकू आली नाही.
नाइट ड्यूटीत, पहाटे चारच्या सुमाराला,
सलाईनचे थेंब मोजता मोजता
एवढंच कळलं,
की 'नाही' म्हणायला आता कारण उरलेलं नाही.
पाळकसाहेबांना हे सांगितलं.
ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, चालेल.

दयाबाई मिसाळ दरमहा दोनशे पाठवणार.
त्यांचा अंड्यांचा धंदा. दोनशे म्हणजे किती अंडी,
हा हिशेब मनात केला आणि मान वर करवेना.
शेजारच्या वाघमोडेकाकूंनी विचारलं, तिकडे पगार किती?
मी आकडा सांगितला.
त्यांनी बराच वेळ माझा हात धरून ठेवला.

कुलाब्याला जाऊन पिवळ्या तापाची लस घेतली.
दंड दोन दिवस ठणकला. दुसऱ्या कुशीवर वळून
रात्री चिचेवाचे शब्द घोकले.
त्या भाषेत पाणी म्हणजे माझी,
'माझा'तला झ जिभेवर धरून म्हणायचं.
मी म्हटलं, बाबा, बघा, तिथे पाणी मागताना
सगळे म्हणतात, माझी, माझी.
बाबा हसले नाहीत. म्हणाले,
आपल्या चाळीत काय वेगळं म्हणतात?

काल संस्थेचा शेवटचा फॉर्म आला.
प्रश्न एकोणीस: मृत्यू झाल्यास दफन कुठे?
तिथेच, की मायदेशी. एका चौकोनात खूण करा.

शिवडीला आमची जागा आहे.
आईच्या वर आणखी एकाची सोय होते.
ती बाबांनी स्वतःसाठी धरलीय, तरी म्हणाले,
तुला हवी असेल तर सांग, मी बघेन दुसरीकडे.
बाकावर सरकून जागा द्यावी तसं.

पेन उघडंच राहिलं.
मग बाबाच बोलायला लागले, कांद्याची सालं गोळा करता करता,
नगरकडच्या आमच्या गावातल्या लिजाबाईबद्दल.
नाव तिचं वेगळंच होतं, दगडावर आहे, आता वाचता येत नाही.
दुष्काळात आली, पटकीने गेली,
मधल्या नऊ वर्षांत माझ्या पणजीला अक्षरं शिकवली.
तिला स्वतःला मात्र 'ण' कधीच म्हणता आला नाही,
पाणी मागायची ती 'पानी' म्हणून,
आणि पोरं हसायची, आणि आणून द्यायची.

दर नाताळाआधी बाबा चुन्याचा डबा घेऊन गावी जायचे.
एकदा मीही गेले होते, कुंचला धरायला.
विचारलं होतं, ही आपली कोण लागते?
म्हणाले होते, कोणी नाही. म्हणून तर.

फॉर्मची घडी घातली. बाबांनी ताटं मांडली.
भाताची वाफ चष्म्यावर आली तेव्हा,
चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं,
"तिकडे चुना मिळत असेल ना?"
"मिळत असेल, बाबा."
मग आम्ही जेवलो.
मसाला करपलाच होता.